सोप्यातला वर्ल्ड कप

गेल्या दिवाळीत मी आमच्या चिरंजीवांसमोर तोंडघशी पडलो, त्याची ही गोष्ट. बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. म्हटलं, आपली फजिती आपणच लिहून टाकावी, नाहीतर बहिणी एकमेकींना फोनवर सांगणारच आहेत.

विषय फुटबॉलचा आहे. ज्यांना फुटबॉलमधलं काही कळत नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण मलाही फारसं कळत नाही हे पुढे सिद्ध होणार आहे.

तर झालं असं. चिरंजीव वय वर्षं चौदा. शनिवार-रविवारी रात्री इंग्लंड, स्पेनमधल्या क्लबांचे सामने बघतात. मी अधूनमधून शेजारी जाऊन बसतो आणि माझं ठरलेलं कीर्तन लावतो. "वर्ल्ड कपात आता पूर्वीची मजा राहिली नाही रे. खरा वर्ल्ड कप नव्वदचा. कॅमेरूनने अर्जेंटिनाला लोळवलं तो. ओमाम-बियिकने काय उडी मारली होती, काय हेडर होता! गोळी सुटावी तसा! गोलकीपरला दिसलासुद्धा नाही." हे मी गेली सहा-सात वर्षं सांगतोय. मुलगा गुणी आहे, ऐकून घेतो. पण या दिवाळीत कोल्हापूरला दादाच्या घरी (दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ) फराळाची ताटं समोर असताना मी पुन्हा सुरू केलं, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "बाबा, ती मॅच अख्खी नेटवर आहे. लावू?"

आता नाही कसं म्हणणार? लावली. दादा, मी, चिरंजीव आणि दादाची मुलगी असे चौघं बसलो. पुढचे पावणेदोन तास माझ्या आयुष्यातल्या अवघड पावणेदोन तासांपैकी होते. पण ते सांगायच्या आधी नव्वद साल सांगायला पाहिजे.

मी तेव्हा बारा वर्षांचा. मंगळवार पेठेतलं आमचं जुनं घर. दारातून आत आलं की लांबलचक सोपा, त्याच्या एका टोकाला लाकडी खोक्यावर ठेवलेला टीव्ही. टीव्ही ब्लॅक अँड व्हाईट, आबांनी घेतलेला. आबा म्हणजे माझे थोरले काका, दादाचे वडील. शहाऐंशीचा वर्ल्ड कप त्याच टीव्हीवर बघितलेला, पण मी तेव्हा आठ वर्षांचा; इंग्लंडविरुद्धची मॅच रात्री साडेअकराला सुरू होणार म्हणून मला उठवायचं ठरलं होतं आणि कुणी उठवलं नाही, एवढंच मला त्या वर्ल्ड कपातलं आठवतं. म्हणजे मॅराडोनाचा हाताने घातलेला गोल आणि चारच मिनिटांनी अर्धा संघ चकवून घातलेला गोल, दोन्ही मी झोपेत चुकवले.

कोल्हापूरला फुटबॉलचं वेड आहे, हे बाहेरच्या माणसाला पटवून द्यावं लागतं. कुस्तीच्या तालमींचेच इथे फुटबॉलचे संघ आहेत. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल आणि पलीकडे शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजीची मॅच असली की दोन पेठांमधली सोयरीकसुद्धा चार दिवस जपून बोलते. आणि वर्ल्ड कप आला की हीच पोरं चौकात ब्राझील-अर्जेंटिनाची निशाणं लावतात. आपला देश तिथे नसतो, म्हणून उसना घ्यायचा. (२०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप भारतात झाला तेव्हा आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. तेवढा एकदाच उसना देश घ्यावा लागला नाही.) आमच्या सोप्यात आबा आणि दादा अर्जेंटिनाचे, माझे वडील ब्राझीलचे, आणि मी दादा ज्याचा त्याचा.

८ जून १९९०. पहिलीच मॅच, अर्जेंटिना विरुद्ध कॅमेरून, आपल्याकडे रात्री साडेनऊला. सोप्यात वीसेक माणसं, बायका माजघराच्या उंबऱ्यात, बाहेर पहिला पाऊस. अर्जेंटिना म्हणजे जगज्जेते, आणि कॅमेरून कुठे आहे हे शोधायला मी दुपारी शाळेचा नकाशा उघडून बसलो होतो. हाफटाइमला शून्य-शून्य. नंतर कॅमेरूनच्या एकाला बाहेर काढलं. आबा म्हणाले, "आता बघा, खिंड पडली." आणि लाईट गेली.

ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांना ती शांतता माहीत आहे. कुणी कंदील शोधतंय, कुणी टीव्हीच्या पाठीवर थापट्या मारतंय. दादा तेव्हा एकोणीस-वीसचा. तो म्हणाला, शिवाजी पेठेत लाईट असणार, मी बघून येतो, आणि त्या पावसात सायकल काढून गेला. अर्ध्या तासाने आला तो ओलाचिंब, सोप्याच्या पायरीवरूनच ओरडत, "कॅमेरून एक-शून्य! दहा माणसांत गोल घातला!" कुणी विश्वास ठेवायला तयार नाही. मग कंदिलाच्या उजेडात दादाने तो गोल आम्हाला करून दाखवला. अशी उडी, असा वर हवेत थांबला, असं डोकं फिरवलं, गोळीसारखा बॉल, आणि गोलकीपर असा नुसता बघत उभा. शेवटी कॅमेरूनचा आणखी एक बाहेर गेला आणि नऊ माणसांनी मॅच जिंकली, तेही दादानेच सांगितलं. लाईट आली रात्री एकला.

म्हणजे आलं लक्षात? जो गोल मी सहा-सात वर्षं मुलाला रंगवून सांगत होतो, तो मी पाहिलेलाच नव्हता. दादाने सोप्यात करून दाखवलेला गोल मी पाहिला होता.

आता दिवाळीतल्या पडद्याकडे येऊ. मॅच सुरू झाली आणि पहिला धक्का म्हणजे कॅमेरूनचा शर्ट हिरवागार, खाली लाल चड्डी, पिवळे मोजे. हे नंतर फोटोत पाहिलेलं होतं म्हणा, पण माझ्या डोक्यातलं कॅमेरून अजूनही राखाडीच आहे. दुसरा धक्का म्हणजे खेळ किती थांबत होता! कॅमेरूनचे लोक सरळ लाथा घालत होते. आणि मग सदुसष्टावं मिनिट. ओमाम-बियिकची उडी खरंच उंच होती, त्यात दादाने काही वाढवलं नव्हतं. पण हेडर? मऊ. अगदी साधा, खाली टप्पा पडणारा हेडर, गोलकीपर पुम्पिदोच्या जवळच गेलेला. त्याच्या हातून निसटला आणि आत गेला. आमच्या तालमीच्या बारक्या पोरानेसुद्धा धरला असता.

चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं. "गोळी?" एवढंच म्हणाले.

मी इज्जत वाचवायला म्हटलं, ही तर पहिलीच मॅच, फायनल बघ. ती मी खरी पाहिली होती, ८ जुलैची, रात्री साडेअकराला. ही माझी दुसरी चूक.

ती फायनल तुम्ही पुन्हा बघितली नसेल तर बघू नका. पश्चिम जर्मनी आणि अर्जेंटिना. अर्जेंटिनाकडून कनिजिया नव्हता, सेमीफायनलला कार्ड मिळाल्यामुळे बाहेर होता. अर्जेंटिनाचं एकच धोरण, काही होऊ द्यायचं नाही. जर्मन चाल करतायत, पडतायत, रेफरी शिट्टी वाजवतोय. विसाव्या मिनिटाला एका डिफेंडरने बॉल मागे आपल्या गोलकीपरला दिला, त्याने हाताने उचलला, दोन टप्पे मारले, परत त्यालाच दिला. चिरंजीव उठून उभे राहिले. "बॅकपास! फाउल आहे! रेफरी काय बघतोय?"

मला क्षणभर कळेना. मग आठवलं की तो नियमच तेव्हा नव्हता. आपल्याच माणसाने पायाने मागे दिलेला बॉल गोलकीपरने हातात घ्यायचा नाही, हे आलं १९९२ मध्ये. आणि ते आलं त्याचं एक मोठं कारण म्हणजे माझा लाडका नव्वदचा वर्ल्ड कपच! आघाडी मिळाली की बॉल मागे द्यायचा, गोलकीपरने छातीशी धरून ठेवायचा, पुन्हा बाहेर द्यायचा, पुन्हा मागे. वेळ खायची ही युक्ती सगळेच वापरत होते. बाराव्या वर्षी मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. फुटबॉल असाच असतो असं वाटत होतं.

पासष्टाव्या मिनिटाला अर्जेंटिनाचा मोन्झोन बाहेर. वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये लाल कार्ड मिळालेला पहिला माणूस. पंच्याऐंशीला जर्मनीला पेनल्टी, ब्रेमेने ती मारली, गोलकीपर गोयकोचेआ बरोबर त्याच बाजूला झेपावला, तरी पुरला नाही. मग देझोत्तीही बाहेर. एक-शून्य, संपलं. मॅराडोना रडतोय. तेव्हा आमच्या सोप्यात आबासुद्धा डोळे पुसत होते, ते मला स्पष्ट आठवतं. आता दादाची मुलगी मोबाईल बघत होती आणि चिरंजीव उशीला टेकून डुलक्या घेत होते.

रात्री मला झोप येईना, म्हणून आकडे काढून बसलो. (पराभूत माणसाने आकड्यांच्या नादी लागू नये, पण असो.) १९९० मध्ये ५२ सामन्यांत ११५ गोल. सरासरी २.२१. १९३० पासून २०२२ पर्यंतच्या बावीस वर्ल्ड कपांत इतकी कमी सरासरी दुसऱ्या कुठल्याच स्पर्धेची नाही. १९५४ मध्ये ती ५.३८ होती! दोन्ही सेमीफायनल पेनल्टींवर. आयर्लंड पाच सामन्यांत एकही सामना न जिंकता, दोन गोल घालून, एक शूटआउट मारून क्वार्टर फायनलपर्यंत गेलं. आणि ज्यांच्यासाठी आमचा सोपा जागत होता ती अर्जेंटिना गटात तिसरी येऊनही पुढे गेली, सहा सामन्यांत पाच गोल घालून फायनलला पोचली. पाच!

उलट ज्याला मी 'आता मजा नाही' म्हणतो, त्या २०२२ मध्ये ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, म्हणजे २.६९ ची सरासरी. सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला हरवलं. जपानने जर्मनी आणि स्पेन दोघांनाही हरवलं. मोरोक्को सेमीफायनलला गेलं, आफ्रिकेतला पहिला संघ. कॅमेरूनच्या एका विजयावर मी जन्म काढला, आणि इथे तसे तीन-चार विजय एका महिन्यात झाले. फायनल तर विचारूच नका. म्हणजे खेळ सुधारला आहे. गोलकीपरला बॉल उचलता येत नाही, मागून लाथ घातली की लाल कार्ड, ९४ पासून जिंकणाऱ्याला दोनऐवजी तीन गुण, त्यामुळे बरोबरी करून निवांत बसण्यात फायदा उरला नाही. हे सगळं नियम करणाऱ्यांनी ठरवून केलं, आणि ते लागू पडलं. लगेच ९४ मध्ये सरासरी २.७१ वर गेली.

मग माझी मजा गेली कुठे?

एक कारण सरळ आहे. तेव्हा हे खेळाडू आम्हाला चार वर्षांतून एकदा दिसायचे. मॅराडोना इटलीत नापोलीकडून खेळतो हे माहीत होतं, पण खेळताना कुणी पाहिला होता? दादाने स्पोर्टस्टारचं त्याचं पोस्टर सोप्याच्या खांबाला लावलं होतं, तोच आमचा मॅराडोना. रॉजर मिल्ला हे नाव तर पंधरा दिवसांपूर्वी कुणी ऐकलेलं नव्हतं. अडतीस वर्षांचा माणूस, मोठं फुटबॉल सोडून हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर खेळत होता, देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला परत आणला, आणि त्याने बदली म्हणून येऊन चार गोल घातले. जणू कुणी सिनेमा लिहिलाय! आज असा मिल्ला निघणं अवघड आहे. १९९५ च्या बोसमान निकालानंतर युरोपच्या क्लबांचे दरवाजे उघडत गेले. सेनेगलचा असो नाहीतर जपानचा, चांगला खेळाडू वीस वर्षांचा व्हायच्या आत तिकडे पोचतो, आणि आमचे चिरंजीव त्याला दर शनिवारी बघतात. त्यांना वर्ल्ड कप म्हणजे नेहमीचीच मंडळी, शर्ट बदललेली. वर क्लबात वर्षभर एकत्र खेळणारी ही माणसं देशासाठी मोजके दिवस एकत्र येतात. कतारच्या आधी तर क्लबांचे सामने जेमतेम आठवडाभर आधीपर्यंत चालू होते. तेव्हा क्लबांच्या खेळात जी सफाई दिसते ती देशांच्या खेळात दिसत नाही, हे पोरगं म्हणतं ते खरंच आहे.

आणि २०२६ पासून संघ ४८, सामने १०४. बारा गट, आणि तिसऱ्या आलेल्यांतले आठ पुढे. यावर मी खूप चिडून एक लेख लिहायला घेतला होता. मग लक्षात आलं की तिसऱ्या नंबरची ही सवलत नव्वदमध्येही होती आणि तिचाच फायदा घेऊन अर्जेंटिना पुढे गेली होती. लेख फाडला.

व्हीएआरबद्दल मात्र मी माघार घेणार नाही. गोल झाला की ओरडायचं, मग पडद्यावर रेघा येतात, मग ओरडणं परत घ्यायचं. सौदीविरुद्ध अर्जेंटिनाचे पहिल्या अर्ध्यात तीन गोल ऑफसाइड म्हणून रद्द झाले. आमचे शेजारी तीनदा नाचले आणि तीनदा खाली बसले, खालच्या मजल्यावरचे वर येऊन गेले. न्याय होतो हे मान्य. पण शहाऐंशीला व्हीएआर असता तर तो हाताचा गोल गेला असता, आणि आबांच्या पुढच्या वीस वर्षांच्या वादांचा अर्धा दारूगोळा गेला असता.

पण हे सगळं लिहूनही मला माहीत होतं की मी गोल गोल फिरतोय. खरं कारण दादाच्या घरात, त्या दिवाळीच्या रात्री, अंथरुणावर पडल्या पडल्या माझ्यासमोरच होतं. भिंत.

आईने बजावलंय की वाटणीबद्दल ब्लॉगवर काही लिहायचं नाही. आई, मी वाटणीबद्दल लिहीत नाहीये, टीव्हीबद्दल लिहितोय.

९१ साली घराचे दोन भाग झाले. सोप्याच्या बरोबर मधून भिंत घातली. टीव्ही आबांचा, तो त्यांच्या बाजूला राहिला. आमच्या बाजूला तीन वर्षं टीव्हीच नव्हता. ९४ चा वर्ल्ड कप अमेरिकेत होणार म्हणून वडिलांनी हप्त्याने रंगीत टीव्ही घेतला. सामने आपल्याकडे रात्री साडेनऊला, दीडला, असे. वडील झोपून जायचे, मी एकटा आवाज बारीक करून बघायचो. भिंत एका विटेची. पलीकडून तीच कॉमेंट्री ऐकू यायची. गोल झाला की भिंतीच्या दोन्ही बाजूंनी एकदमच आवाज निघायचा, आणि मग दोन्ही बाजू गप्प. आपण बोललो की काय, अशी शंका आल्यासारख्या. त्या फायनलला, ब्राझील-इटली, पहाटे साडेतीनच्या सुमाराला बाजोने पेनल्टी वरून मारली आणि पलीकडे दादा मोठ्याने म्हणाला, "गेली!" मी तोंड उघडलं होतं. मिटलं.

९४ मला बेचव वाटला. ९८ त्याहून. २००२ ला मी पुण्यात नोकरीला लागलो होतो, सामने दुपारी असायचे, ऑफिसातून कधी स्कोअर विचारला तर विचारला. प्रत्येक वेळी मी म्हणत आलो, स्पर्धाच आता तशी राहिली नाही, संघ वाढवले, पैसा आला, सगळे बचावात्मक खेळतात. म्हणजे आमच्या घराची वाटणी झाली आणि मी तीस वर्षं राग काढत बसलो फिफावर! नव्वदच्या त्या स्पर्धेत खेळलेले पश्चिम जर्मनी, सोव्हिएत युनियन, युगोस्लाव्हिया आणि चेकोस्लोव्हाकिया हे चार देशसुद्धा पुढच्या तीन वर्षांत नकाशावर त्या रूपात राहिले नाहीत, तिथे आमचा सोपा कसला टिकतोय. आणि गंमत म्हणजे आबा नव्वदलाही म्हणायचेच, "शहाऐंशीच्या पुढं हे काय! बॉल पुढं जातोय का?" आकड्यांनी बघितलं तर तेच बरोबर होते. मी ते तेव्हा ऐकून घेतलं नव्हतं.

आबा २००९ मध्ये गेले. तेव्हा आम्ही सगळे होतो, दादाशी बोलणंही झालं, पण ते 'चहा घेतलास का' एवढंच. लग्नाकार्यात भेटायचो. भांडण उरलं नव्हतं, नुसतीच सवय उरली होती न बोलायची.

१८ डिसेंबर २०२२. रविवार, रात्री साडेआठ. पुण्यात मी आणि चिरंजीव मोबाईलवरचा सामना टीव्हीवर लावून बसलो होतो. अर्जेंटिना दोन-शून्य. मेस्सीची पेनल्टी आणि डि मारियाचा गोल. ऐंशीव्या मिनिटापर्यंत मी मनात 'एकतर्फी फायनल, आता मजा राहिली नाही' हे वाक्य तयारसुद्धा केलं होतं. एम्बापेने पेनल्टीवर एक घातला. आम्ही सावरून बसतोय तोवर फोन वाजला. स्क्रीनवर दादाचं नाव. मला आधी वाटलं, कुणीतरी गेलं.

"बघायलास न्हवं?" दादा ओरडत होता.

"बघतोय की."

"बरोबरी झाली की रं!"

मी पडद्याकडे पाहिलं. बरोबरी झाली नव्हती. अर्ध्या मिनिटाने झाली. त्याच्याकडे डिशवर मॅच, आमच्याकडे इंटरनेटवर, आम्ही सगळ्याच्या मागे.

दादाने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. फोन स्पीकरवर टाकून टीपॉयवर ठेवला. त्यानंतर जादा वेळेचा अर्धा तास आणि पेनल्ट्या, जे काही झालं ते आम्हाला आधी कोल्हापुरातून कळलं आणि मग दिसलं. मेस्सीचा दुसरा गोल, पेनल्टीवर एम्बापेचा तिसरा. मार्टिनेझने शेवटच्या क्षणी कोलो मुआनीचा फटका अडवला, तेव्हा फोनमधून आधी "आरं आरं आरं" आणि मग "पायानं अडिवला!" असा आवाज आला, आणि आमच्या पडद्यावर बॉल अजून मैदानाच्या मध्यात होता. चिरंजीव रडकुंडीला आले. "बाबा, फोन ठेवा ना! सगळं आधीच कळतंय!" मी ठेवला नाही. दादाच्या घरात सगळे नाचत होते तेव्हा आमच्याकडे मोंतिएल शेवटची पेनल्टी मारायला नुसता चालत निघाला होता. काय होणार ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी माझे हात थरथरत होते.

त्यानंतर आम्ही कोल्हापूरला गेलो की दादाकडे उतरतो. भिंत आहे तिथेच आहे. तिच्यावर आता दोन्हीकडून चांगला रंग आहे आणि पाडायची म्हटली तर वरची तुळई खाली येईल असं मिस्त्री म्हणतो.

तर दिवाळीतल्या त्या रात्रीनंतर सकाळी मी दादाला विचारलं. म्हटलं, तू तर तो गोल पाहिला होतास शिवाजी पेठेत. तुला दिसलं नाही का, तो हेडर किती मऊ होता ते?

दादा चकली खात होता. जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी पोचलो तवा गोल होऊन गेलेला. माणसं नाचत हुती. खिडकीतनं नुसता स्कोअर बघिटला आणि परत फिरलो. बाकीचं मी रंकाळ्याच्या वाटंवर जुळिवलं."

"आणि उडी? ती तर बरोबर निघाली."

"एवढ्या मोठ्या टीमवर गोल घालायचा म्हंजे उडी मारलीच असणार की."

चिरंजीव हे सगळं ऐकत होते. त्यांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि काही न बोलता चिवड्याची वाटी घेऊन भिंतीपलीकडे आजीकडे गेले. दादाने रिमोट उचलला. म्हणाला, "ते इजिप्त आणि आयर्लंड लय भंगार झालं हुतं म्हणत्यात, शून्य-शून्य. लाव बघू."